टाकी बोलत नाही, सर

नमुना पाठ नीट पार पडला तर हिरुळकर सरांना संस्थेच्या कार्यकारिणीत खुर्ची मिळणार होती. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. निवृत्त मुख्याध्यापकाला गावात कोणी ओळख दाखवत नाही. कार्यकारिणीच्या सदस्याला मात्र लग्नात मांडवाच्या दारातून आत घेऊन जातात. शिवाय सरांनी ‘साहित्यप्रकार : सोपी ओळख’ नावाची पुस्तिका लिहिली होती, आणि ती जिल्ह्यातल्या शाळांच्या गळ्यात मारणं ज्यांच्या हातात होतं ते शिक्षण खात्याचे देवतळे साहेबच पाठ बघायला येणार होते. म्हणजे एका तासिकेत खुर्ची आणि ग्रंथकार ही पदवी, दोन्ही. त्यात सरांच्या पदरचं काही जाणार नव्हतं. वर्ग पुंडकर मॅडमचा होता.

आदल्या दिवशी सहावीच्या वर्गात तालीम चालली होती. मी गणिताचा मास्तर. मला मागच्या बाकावर ‘साहेब’ म्हणून बसवलं होतं.

“कासव सशाला म्हणालं, चल, शर्यत लावू,” हिरुळकर सरांनी वाचलं. “प्रकार?”

“का-ल्प-निक!” वर्ग एका सुरात.

“कशावरून?”

“प्राणी बोलतात.”

“शाब्बास. आता ऐका. सन एकोणीसशे चाळीस साली एका सुसंस्कृत घराण्यात दादासाहेबांचा जन्म झाला. प्रकार?”

“चरित्र! वास्तव!”

“कशावरून?”

“सन दिलेला आहे!”

“म्हणजे सन असला की?”

“खरं!”

हे सगळं त्या पुस्तिकेतलं. दादासाहेब मोहोड आमच्या संस्थेचे अध्यक्ष. चरित्राचा नमुना म्हणून सरांनी त्यांचंच चरित्र छापलं होतं आणि त्यात जागोजागी सन पेरले होते. दादासाहेब लहानपणी पुरात उडी घेतात, मोठेपणी मोहात पडत नाहीत, आणि दोन्हीचा सन दिलेला.

खिडकीजवळच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. कुंदा ढोले. काटक, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, आणि प्रश्न विचारताना समोरच्याकडे सरळ बघायची वाईट खोड.

“सर, कोणी खोटा सन लिहिला तं?”

“तू उद्या कोणता हात वर करणार?” सरांनी विचारलं.

“डावा.”

“का?”

“तुम्ही सांगितलं म्हणून.”

“मग बस खाली.”

हातांची व्यवस्था अशी होती : साहेबांसमोर प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाने हात वर करायचे. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. बघणाऱ्याला वाटतं, काय हुशार वर्ग आहे. शिकवणारा उजवे हात तेवढे उठवतो. कुंदाला उत्तरं सगळी यायची. पण उत्तराच्या मागे ती आणखी काही जोडायची, म्हणून तिला कायमचा डावा दिला होता.

पुंडकर मॅडम दाराशी उभ्या राहून हे बघत होत्या. कित्येक वर्षं त्या आमच्याकडे तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होत्या. नवऱ्याची पिठाची गिरणी बंद पडल्यापासून घर त्यांच्यावरच होतं. त्यांच्या कायम नेमणुकीचा प्रस्ताव हिरुळकर सरांच्या टेबलाच्या खणात पडून होता. त्यावर सरांची सही व्हायची आणि तो दादासाहेबांकडे जायचा, एवढंच बाकी. “पाठ होऊन जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी सही,” असं सरांनी त्यांना माझ्यादेखत सांगितलं होतं. त्यामुळे स्वतःच्या वर्गाच्या दाराशी पाहुण्यासारखं उभं राहणं त्यांना परवडत होतं.

तालीम संपल्यावर सर शिक्षककक्षात आले. “मॅडम, काल्पनिक लेखनाचा एक ताजा नमुना पाहिजे. मुलांच्या वहीतला. साहेबांना मुलांनी लिहिलेलं आवडतं.”

मॅडमनी वह्यांचा गठ्ठा पुढे केला. आत्मवृत्तं होती. हा प्रकार आमच्या शाळांमधून पिढ्यानपिढ्या चालत आला आहे : फाटकं पुस्तक बोलतं, छत्री बोलते, पडकी वेस बोलते, आणि सगळी शेवटी ‘माझी काळजी घ्या’ म्हणून डोळे पुसतात. सर वह्या चाळत गेले आणि एकीवर थांबले.

“‘मी टाकी बोलते आहे.’ वा. ‘मुलांनो, थांबा, घाबरू नका, मी तुमच्या शाळेतली पाण्याची टाकी.’ सुरुवात अगदी पुस्तिकेतल्यासारखी. कोणाची?”

“कुंदाची.”

“लिहिते बरं. बोलते मात्र फार.” त्यांनी शेवटची ओळ बघितली. “‘माझी काळजी घ्या.’ झालं. हाच घेतो.”

“सर, पूर्ण वाचलात का?” मॅडमनी विचारलं.

“मॅडम, माझी हयात आत्मवृत्तं तपासण्यात गेली. वरची ओळ बघायची, खालची बघायची, मध्ये एखादा सुविचार आहे का बघायचा. मधलं सगळ्यांचं सारखंच असतं.”

“तरी एकदा वाचून घ्या.”

“तुम्ही उद्या फक्त दाराशी उभ्या राहा,” सर म्हणाले. “हसतमुख.”

आता टाकीबद्दल. ती आमच्या मैदानाच्या कडेला चार खांबांवर उभी आहे, सहावीच्या खिडकीसमोर. तिचं पहिलं उद्घाटन बांधून झाल्यावर झालं, दुसरं नळ बसवल्यावर, तिसरं ‘नूतनीकरण’ म्हणून. प्रत्येक वेळी अनुदान आलं, प्रत्येक वेळी संगमरवरी पाटी लागली. विहिरीपासून टाकीपर्यंतचा पाइप कागदावर आला. जमिनीत आला नाही. मुलं पाणी घरून आणायची. ते मधल्या सुट्टीपर्यंत संपायचं. स्वच्छतागृहाला पाणी कधीच नव्हतं, म्हणून मोठ्या वर्गांतल्या मुली मधल्या सुट्टीत घरी जायच्या आणि बहुतेक परत यायच्या नाहीत. हजेरी सकाळीच घेतलेली असल्यामुळे कागदावर त्या दिवसभर शाळेत असायच्या.

दुसऱ्या दिवशी पाठ झाल्यावर देवतळे साहेबांच्या हस्ते टाकीचं चौथं उद्घाटन होतं.

साहेब आले. अंगाने भरलेले, चेहरा समाधानी. बाजूला दादासाहेब, इस्त्री मोडू नये म्हणून बेतानेच बसलेले. तालुक्याहून आणलेला फोटोग्राफर. मी शेवटच्या बाकावर. खिडकीबाहेर टाकीला झेंडूचं तोरण, नळाला लाल फीत, नव्या पाटीवर पडदा. जुन्या तीन पाट्या झाकायचं मात्र कोणाला सुचलं नव्हतं.

पाठ छान रंगला. कासव बोललं, ससा झोपला, दादासाहेबांनी पुरात उडी घेतली. हातांचं जंगल उगवलं आणि सरांनी त्यातले उजवे उजवे वेचले. पुराच्या प्रसंगाला दादासाहेब मान खाली घालून बसले होते, आपण खरंच पोहत आल्यासारखे. साहेबांनी दोनदा “वा” म्हटलं. हिरुळकर सर कार्यकारिणीच्या खुर्चीच्या इतके जवळ गेले होते की आवाजात बैठकीचा भारदस्तपणा यायला लागला.

“आता काल्पनिक आत्मवृत्त,” ते म्हणाले. “आमच्याच एका विद्यार्थिनीची कल्पनाभरारी.”

वाचायला त्यांचा आवाज उत्तम. बायकी सूर काढून त्यांनी सुरुवात केली. “मुलांनो, थांबा, घाबरू नका. मी तुमच्या शाळेतली पाण्याची टाकी. माझा जन्म झाला तेव्हा बँड वाजला. सर्वांनी पेढे खाल्ले. मला वाटले, आता माझ्या पोटात पाणी येईल. पाणी आले नाही. पाटी आली.”

साहेब हसले. “छान.”

ते हसले म्हणून दादासाहेब हसले. काल्पनिक आहे म्हटल्यावर त्यांनी कान बंदच केले होते. हसायचं कधी, ते साहेबांच्या पोटाकडे बघून ठरत होतं.

“मग माझे दुसऱ्यांदा लग्न लागले. तोच नवरदेव, तीच कात्री. तिसऱ्या वेळी मला नटवून रंग दिला. आतून मी कोरडीच. उद्घाटनाच्या दिवशी मात्र माझी गंमत असते. शिपाईकाका...” इथे सरांचा बायकी सूर पुरुषी झाला. डोळे पुढच्या ओळींवरून पळून आले. “असं ते... पुढे बरंच आहे. वेळेअभावी...”

“नाही, नाही, वाचा,” साहेब म्हणाले. “पोरगी मजेदार लिहिते.”

“शिपाईकाका मागच्या बाजूने शिडी लावतात,” सर वाचू लागले, आता कुठलाच सूर न लावता, “आणि माझ्या पोटात हंडे ओततात. पुढच्या बाजूने पाहुणे नळ सोडतात. फोटो निघेपर्यंत पाणी येते.”

अख्खा वर्ग खिडकीकडे बघायला लागला. मी बघितलं. साहेबांनीही बघितलं. आमचा शिपाई गोमाजी डोक्यावर पितळी हंडा घेऊन टाकीच्या मागच्या शिडीवर चढत होता. वरून त्याने खालच्या माणसाला हाक दिली, ती सगळ्यांना ऐकू आली : “अबे, आन ना दुसरा लवकर, सायबाचा टाइम झाला.”

वर्गात कोणी हसलं नाही. मुलांना हसायचं की नाही ते सांगितलं नव्हतं.

शेवटची ओळ सरांनी वाचली नाही. “प्रकार?” त्यांनी घाईने विचारलं. हात वर गेले. त्यांचं बोट पहिल्या उजव्या हाताकडे निघालं होतं, तेवढ्यात साहेबांनी त्यांना थांबवलं.

“हिरुळकर, मीही मास्तर होतो. हे उजवं-डावं आम्ही तुमच्या आधी करून बसलोय.” त्यांना स्वतःच्या हुशारीचा मोह आवरला नाही. एरवी तो माणूस धोका घेणारा नव्हता. “एखाद्या डाव्याला विचारू. ती खिडकीतली. ऊठ बेटा. नाव काय?”

“कुंदा महादेव ढोले.”

“हे जे सरांनी वाचलं, ते कोणत्या प्रकारचं लेखन?”

“वास्तव, सर.”

दाराशी पुंडकर मॅडमनी चौकटीला हात लावला.

“कुंदा,” सर म्हणाले, गोड, फार गोड, “नीट विचार कर. टाकी बोलते का?”

“नाही सर. टाकी बोलत नाही.”

“मग?”

“म्हणून मी लिहिलं. तेवढंच काल्पनिक आहे. बाकी सगळं खरं आहे. पाट्यांवर सनपण आहेत.”

दादासाहेबांनी तेव्हा कान उघडले. त्यांनी आधी मुलीकडे बघितलं, मग सरांकडे, मग साहेबांकडे. साहेब बाहेर बघत होते. तीन पाट्या, चौथीवर पडदा, लाल फीत, वर गोमाजी. त्यांच्यापुढे अगदी सोपा प्रश्न होता, सहावीच्या पुस्तिकेतला. वास्तव म्हटलं तर अहवाल लिहावा लागणार, टाकीचं अनुदान मंजूर करताना खाली कोणाकोणाच्या सह्या होत्या ते निघणार, आणि त्यांतली शेवटची त्यांचीच होती. काल्पनिक म्हटलं तर फीत कापून जेवायला.

“हिरुळकर,” ते म्हणाले, “वर्गाचं काय म्हणणं आहे?”

सरांनी खडू वर केला. ती खूण होती.

“का-ल्प-निक!” अख्ख्या वर्गाने हाळी दिली. काल तालमीत इतकी जोरात दिली नव्हती.

“बरोबर,” साहेब म्हणाले. “आत्मवृत्त हे काल्पनिकच असतं. पण पोरीची कल्पनाशक्ती मोठी आहे. मला तर क्षणभर खरंच वाटलं.” ते मोकळे होऊन हसले. “हिला बक्षीस द्या काही.”

बक्षिसांसाठी आणलेल्या वस्तूंतून दादासाहेबांनी हाताला लागली ती उचलली आणि कुंदाच्या हातात दिली. झाकणाला दोरी असलेली निळी प्लास्टिकची पाण्याची बाटली. फोटो निघाला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या म्हणून आम्ही सगळ्यांनी वाजवल्या.

मग फीत कापली. नळ सोडला. पाणी आलं, चांगलं धारेने आलं. साहेबांनी ओंजळ भरून घेतली आणि कॅमेऱ्याकडे बघून प्यायले. दादासाहेबांनी भाषणात जलक्रांती हा शब्द वापरला. मंडळी जेवायला निघाल्यावर मुलं नळावर पडली. कुंदा बाटलीचं झाकण काढून रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा नळाने हवा सोडली, थोडं गुरगुरला आणि गप्प बसला.

“संपलं काय?” तिने शिडीवरून उतरणाऱ्या गोमाजीला विचारलं.

“फोटो झाला ना पोरी,” गोमाजी म्हणाला. “आता काहून येईन?”

दुसऱ्या दिवशी सरांनी मॅडमना बोलावलं. मी वेळापत्रकाचं काम घेऊन तिथेच बसलो होतो. मला जा असं कोणी म्हटलं नाही.

“काय शिकवलंत तुम्ही त्या पोरीला?” सर म्हणाले. “काल्पनिक म्हणजे काय?”

“जे घडलं नाही ते.”

“आणि वास्तव?”

“जे घडलं ते.”

“इथेच घोळ झाला.” सर खुर्चीत मागे रेलले. “मॅडम, साहित्यप्रकार मुलांनी ओळखायचा नसतो. आपण सांगायचा असतो, त्यांनी लक्षात ठेवायचा असतो. ओळखायला लागली की अशी फजिती होते. साहेब मोठ्या मनाचे, म्हणून निभावलं.”

“सर, मी म्हटलं होतं, पूर्ण वाचा.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

मॅडम टेबलाच्या खणाकडे बघत होत्या.

“दादासाहेबही हेच म्हणाले,” सर बोलले. खण उघडला, प्रस्ताव काढला, त्यावर काहीतरी लिहून परत आत ठेवला. लिहिलेलं मला पुढे वाचायला मिळालं, कारण कार्यालयात कुठलाच कागद फार दिवस गुप्त राहत नाही. ‘सदर शिक्षिका विद्यार्थ्यांना काल्पनिक व वास्तव लेखनातील फरक समजावून देण्यात असमर्थ ठरल्या आहेत. तरी नेमणुकीची शिफारस करता येत नाही.’ खाली सही. कबूल केल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी.

मॅडमचा हिशेब महिनाअखेरीस झाला. त्या दिवशी मी सायकल घेऊन बसथांब्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो. मला एक गोष्ट जाणून घ्यायची होती.

“मॅडम, खरं सांगा. त्या पोरीला ते लिहायला तुम्ही लावलंत?”

“नाही हो सर.” त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “तिने आधी विनंतीअर्ज लिहिला होता. माननीय मुख्याध्यापक, विषय : शाळेत पाणी मिळणेबाबत. तिची मोठी बहीण मधल्या सुट्टीनंतर यायची नाही, नापास झाली, घरच्यांनी शाळाच सोडवली. आता आपलीही सोडवतील म्हणून पोर घाबरली होती. सगळं लिहिलं होतं अर्जात, साधं, खरं.”

“मग?”

“सरांकडे घेऊन गेली. सरांनी पत्रलेखन म्हणून तपासला. दिनांक चुकीच्या बाजूला आहे म्हणून गुण कापले आणि खाली शेरा दिला, ‘परीक्षेत रजेचा अर्ज येतो, त्याचा सराव कर.’”

बस लांबून दिसायला लागली.

“रडत माझ्याकडे आली. म्हणाली, ‘मॅडम, कोणत्या प्रकारात लिहिलं तं लोक वाचतात?’” मॅडम थोड्या हसल्या. “मी म्हटलं, आत्मवृत्तात लिही. ते हौसेने वाचतात. मोठ्याने वाचतात.”

“चुकलंच म्हणायचं.”

“का? वाचलं ना त्यांनी,” मॅडम म्हणाल्या. “साहेबांनी पुढे वाचा म्हटलं.” आणि त्या बसमध्ये चढल्या.

आता जमाखर्च मांडायला हरकत नाही. बहुतेक माणसं निवृत्त आहेत. हिरुळकर सरांना खुर्ची मिळाली. पुस्तिका जिल्ह्याने घेतली, आणि दुसऱ्या आवृत्तीत काल्पनिक आत्मवृत्ताचा आदर्श नमुना म्हणून ‘मी टाकी बोलते आहे’ छापलं गेलं. खाली कुंदाचं नाव नाही. पुस्तिकेवर ग्रंथकाराचं एकच नाव असतं. शिपाईकाकांचा परिच्छेद काढला, मध्ये पाणी वाचवण्याबद्दल एक सुविचार घातला. दरवर्षी सहावीची मुलं ते पाठ करतात, टाकीच्याच सावलीत बसून, कारण मैदानात दुसरी सावली नाही. दादासाहेबांना चौथी पाटी मिळाली, देवतळे साहेबांना शाल आणि बढतीला उपयोगी पडेल असा फोटो. मला त्या दिवशीचं जेवण मिळालं. चांगलं होतं.

आणि भरलं कोणी? पुंडकर मॅडमनी नोकरी भरली. कुंदाला वार्षिक परीक्षेत टाकीचंच आत्मवृत्त आलं. तिने आपलं मूळचं लिहिलं, शिडीसकट, आणि तिचे निम्मे गुण गेले, पुस्तिकेतल्यासारखं नाही म्हणून. त्या उन्हाळ्यात तिच्या घरच्यांनी तिचंही नाव काढून घेतलं. निळी बाटली तिची धाकटी बहीण आणायला लागली. बाकीची भरपाई अजून चालू आहे. ज्याला मोजायची असेल त्याने मधली सुट्टी संपल्यावर मोठ्या वर्गांत डोकावून मुलींच्या बाजूची बाकं बघावीत.